दातांच्या लाइट क्युअर दिव्यांचं तपासणी यंत्र : प्रकल्प नोंदी

११ जून

आतेबहिणीचा नाशिकला इंदिरानगरात दातांचा दवाखाना आहे. काही पेशंटच्या खालच्या मागच्या दाढांमधलं कंपोझिट (दात भरायचा, निळ्या प्रकाशाने टणक होणारा मसाला) वर्षभरातच कडेने सुटायला लागलंय. ताईने बाँडिंग (मसाला दाताला चिकटवणारं द्रव्य) बदललं, कंपोझिट दुसऱ्या कंपनीचं आणलं, रबर डॅमशिवाय (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) दाढ भरणं बंद केलं. फरक नाही. आता संशय दिव्यावर. “अरे, पण दिवा लागतो. निळा पडतो. मसाला वरून टणक होतो. मग बिघडलंय काय म्हणून सांगू?”

अडचण बरोबर इथेच आहे. कंपोझिटमध्ये प्रकाश पकडणारा एक रेणू असतो, बहुतेक वेळा कॅम्फरक्विनोन. ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश तो सगळ्यात जास्त शोषतो, सोबतच्या अमाइनच्या मदतीने मुक्त मूलकं तयार करतो आणि तिथून रेझिनचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. वरचा थर टणक व्हायला थोडा प्रकाशही पुरतो. दोन मिलिमीटर खाली जाईपर्यंत त्यातला बराचसा शोषला नाहीतर विखुरला गेलेला असतो. त्यामुळे वरून प्रोब टोचून ‘झालं’ म्हणण्याला काही अर्थ नाही. तळ कच्चा राहिला तर तो वरून कधीच कळत नाही, आणि दाढ तर तळापासून सुटते.

ठरवलेलं काम: दवाखान्यात कायम टेबलावर राहील असं छोटं यंत्र. दिव्याची टिप (प्रकाश बाहेर पडतो ते टोक) त्यावर ठेवायची, बटण दाबायचं, दिव्यात आधीचा दम आहे की नाही ते कळलं पाहिजे. तयार रेडिओमीटर (प्रकाशाची तीव्रता मोजणारी यंत्रं) बाजारात मिळतात. ताईच्या चार्जरच्या बुडातही एक आहे: लाल, पिवळा, हिरवा. वर्षानुवर्षं हिरवाच लागतोय.

१४ जून

दुपारी दवाखाना बंद असताना गेलो. दिवे तीन निघाले. पहिला रोजचा कॉर्डलेस एलईडी. दुसरा माळ्यावरचा हॅलोजन, ताईने दवाखाना टाकला तेव्हाचा, पिस्तुलासारखा, आत पंखा असलेला. तिसरा ऑनलाइन स्वस्तात मिळालेला, खोक्यावर ‘एका सेकंदात क्युअर’ असं छापलेला.

पहिल्याची टिप भिंगाखाली धरली. काचेच्या कडेने पिवळट पापुद्रा, वर्तुळाचा साधारण पाचवा हिस्सा झाकेल एवढा. भरताना टिप ओल्या मसाल्याला टेकते, थोडा मसाला काचेला लागतो आणि दिवा स्वतःच त्याला पक्का करून टाकतो. पापुद्र्याच्या शेजारी बारीक आडवे ओरखडे: कुणीतरी लोखंडी हत्याराने खरवडायचा प्रयत्न केलेला दिसतो. वरून प्लास्टिकची स्लीव्ह, आणि तिची शिवण नेमकी टिपेच्या मधोमध.

“मावशी, शिवण बाजूला घ्यायची हं,” ताई दवाखान्यातल्या मावशींना म्हणाली.

“पिशव्याच तशा येतात मॅडम, ओढलं की फाटतात.”

दोघींचंही खरं आहे. पापुद्रा लगेच काढायचा मोह आवरला. आधी मोजमाप, मग साफसफाई.

१७ जून

आज हत्यार नाही, नुसता कागद आणि व्हर्नियर.

खोक्यांवरचे आकडे मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतात. म्हणजे भागाकार आला, आणि भागाकारात छेद लहान केला की उत्तर फुगतं. समजा दिव्यातून एकूण ५०० मिलिवॅट बाहेर पडतात. टिप ८ मिमी व्यासाची असेल तर क्षेत्रफळ ०.५० चौ. सेंमी, आकडा १००० च्या जवळ. तोच प्रकाश १० मिमीच्या टिपेतून काढला तर ६४० च्या आत. ६ मिमीच्या टिपेतून काढला तर १७५० च्या वर. दिवा तोच, बॅटरी तीच. फक्त दाढेचा कमी भाग उजळतो, आणि जाहिरातीला आकडा मिळतो. तिसऱ्या दिव्याची टिप मोजली, तिन्हींत तीच सगळ्यात अरुंद.

दुसरा हिशेब डोसचा. तीव्रता गुणिले सेकंद. जुन्या हॅलोजनच्या जमान्यात ४०० मिलिवॅट आणि ४० सेकंद हे माप रुळलं, त्याचे होतात १६ ज्यूल प्रति चौ. सेंमी. १००० मिलिवॅटचा दिवा तेवढंच काम १६ सेकंदांत करेल. ‘एका सेकंदात’ वाल्याच्या खोक्यावर २५०० लिहिलंय. तो आकडा खरा धरला तरी एका सेकंदात अडीच ज्यूल, म्हणजे सहावा हिस्साही नाही. १६ ही काही दगडावरची रेघ नव्हे. शेड (मसाल्याची रंगछटा), जाडी, कंपनी यांप्रमाणे गरज बदलते, गडद आणि अपारदर्शक शेडला जास्त लागतं. शिवाय हा गुणाकार दोन्ही टोकांना तंतोतंत लागूही पडत नाही, फार तीव्र आणि फार थोडा वेळ प्रकाश दिला तर साखळ्या लवकर तुटून थांबतात. तरी अडीचचे सोळा कुठल्याच वाटेने होत नाहीत.

२१ जून

पाऊस, आणि सातपूरला दुपारभर वीज ये-जा. बॅटरीवरचे दिवे असल्याने काम अडलं नाही.

कोणता दिवा नेमका कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश देतो हे पाहायला डीव्हीडीचा स्पेक्ट्रोमीटर केला. काळ्या कार्डशीटचा डबा, एका टोकाला दोन ब्लेडच्या धारांमधली फट, दुसऱ्या टोकाला वरचा चकाकता थर सोलून काढलेला डीव्हीडीचा तुकडा, त्यामागे मोबाइलचा कॅमेरा. डीव्हीडीवरच्या खाचा ०.७४ मायक्रोमीटर अंतराने असतात, सीडीवरच्या १.६. त्यामुळे डीव्हीडी रंग जास्त फाकवते आणि निळ्यातला निळा वेगळा काढता येतो.

पट्टीवर खुणा करायला घरातला जुना सीएफएल कामाला आला. त्यातल्या पाऱ्याच्या रेषा ठरलेल्या असतात: ४०४.७, ४३५.८ आणि हिरवी ५४६.१. दोन रेषा अगदी आपल्याला हव्या त्या भागात. सीएफएल फेकून देऊ नका, एवढंच म्हणेन.

ताईच्या एलईडीचा एकच उंचवटा, ४६० च्या अलीकडे-पलीकडे. कॅम्फरक्विनोनला तो चालतो. गंगापूर रोडवरच्या तिच्या मैत्रिणीकडून एक महागडा दिवा तासाभरासाठी आणला होता, त्यात दोन उंचवटे दिसले: एक निळा, एक ४०५ च्या रेषेला खेटून जांभळा. हा दुसरा उगीच नाही. कॅम्फरक्विनोन स्वतः पिवळं असतं, म्हणून अगदी पांढऱ्या शेडमध्ये काही कंपन्या टीपीओ नावाचा इनिशिएटर (प्रकाश पकडून क्रिया सुरू करणारा रेणू) घालतात. तो जांभळ्या-अतिनील बाजूचा प्रकाश घेतो, ४६० ला जवळपास आंधळा. तसल्या मसाल्यावर ताईचा दिवा कितीही वेळ धरला तरी त्याचा तेवढा भाग जागचा हलणार नाही. ताईच्या कपाटातल्या नळ्यांची माहितीपत्रकं वाचायला सांगितली आहेत. ब्लीच शेडची एक नळी तिने बाजूला काढलीच.

इथे एका मित्राने विचारलं, नेलपॉलिश सुकवायचा दिवा का नाही वापरत, पार्लरमध्ये दोनशेत पडून असतो. त्यात ३६५ आणि ४०५ असतात. नखांच्या जेलला बरोबर, कॅम्फरक्विनोनच्या कंपोझिटला चुकीचा. शिवाय तोंडात अतिनील कशाला? दातांचे सुरुवातीचे दिवे १९७० च्या दशकात ३६५ नॅनोमीटरचेच होते. ते खोलवर पोहोचत नव्हते आणि डोळ्यांना-कातडीला त्रासदायक, म्हणून त्याच दशकाच्या अखेरीस धंदा निळ्या प्रकाशाकडे वळला.

२५ जून

हॅलोजन उघडला. बारा व्होल्टचा बल्ब, ७५ वॅट. त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाते, म्हणून पंखा, आणि म्हणून ४०० ते ५०० सोडून बाकी सगळं अडवणारा फिल्टर. या फिल्टरच्या थराला वर्षानुवर्षांच्या तापण्याने भेगा पडल्यात, एक कोपरा सोललाय. बल्बची काच आतून काळवंडलेली. या दिव्यांच्या बल्बचं आयुष्य शंभर तासांच्या आसपासच असतं. बल्ब जायच्या कितीतरी आधी त्याचा दम जातो, आणि व्होल्टेज घसरलं की आणखी मंद. निळा दिसायचा मात्र शेवटपर्यंत निळाच.

निळा एलईडी आल्यावर हे सगळं एकदम सोपं झालं: फिल्टर नको, पंखा नको, हवा तेवढाच रंग. गॅलियम नायट्राइडच्या त्या कामाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना. मधल्या काळात झेनॉनचे प्लाझ्मा आर्क आणि ४८८ नॅनोमीटरचे आर्गॉन लेझरही आले. महाग आणि अवजड; नाशिकच्या दवाखान्यांत मी तरी पाहिलेले नाहीत.

२८ जून

सेन्सर. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (प्रकाश पडला की करंट देणारा भाग) सहज मिळाला. ७.५ चौ. मिमीचा, स्वस्त, सगळ्यांच्या ओळखीचा. या कामाला दोन कारणांनी तोकडा.

एक, प्रकाश त्याला झेपत नाही. रेझिस्टरवरचा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास जाऊन चिकटतो आणि मग दिवा दुप्पट केला तरी काटा हलत नाही. यावर उपाय आहे: रेझिस्टर लहान, डायोडला उलटा बायस (उलट्या दिशेने व्होल्टेज), वर पांढरा पडदा.

दुसरं कारण जास्त वाईट. या डायोडची नजर सगळ्यात तीक्ष्ण ९०० नॅनोमीटरला असते, निळ्याला तो मंद. माळ्यावरचा हॅलोजन, ज्याच्या भेगा पडलेल्या फिल्टरमधून लाल आणि उष्ण प्रकाश झिरपतोय, तो याच्यासमोर धरला तर चांगल्या एलईडीपेक्षा जास्त आकडा दाखवतो. दिवा जेवढा खराब, तेवढा निकाल चांगला! असलं यंत्र नसलेलं बरं.

५ जुलै

एएस ७३४१ हा रंग वेगवेगळे मोजणारा सेन्सर मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आला. छोट्याशा चिपवर वेगवेगळ्या रंगांचे कप्पे: ४१५, ४४५, ४८०, ५१५, पुढे ६८० पर्यंत, आणि इन्फ्रारेडचा एक. आपल्याला नेमकं हेच हवं होतं. ४४५ आणि ४८० मिळून निळ्याचा अंदाज, ४१५ वर दिव्यात जांभळा एलईडी आहे की नाही ते कळतं, आणि लाल-इन्फ्रारेड वाढलेले दिसले की फिल्टर गेला. ईएसपी ३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडला, छोटा ओएलईडी पडदा लावला.

प्रकाश कमी करायला पडदा कशाचा? दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडचं दुधी ॲक्रिलिक आणलं. निळ्याला ठीक, पण जांभळ्या दिव्यासमोर ४१५ चा कप्पा जवळजवळ रिकामा राहिला. पुष्कळशा ॲक्रिलिकमध्ये अतिनील अडवणारं द्रव्य असतं, ते इथे नडलं. टेफ्लॉन सगळ्यात बरं. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी पट्टी थरावर थर लावून, दोन काचांमध्ये दाबून बसवली. थर किती हे महत्त्वाचं नाही. एकदा बसवले की पुन्हा हात लावायचा नाही हे महत्त्वाचं. म्हणून कडा एपॉक्सीने बंद.

टिप दरवेळी त्याच जागी, सरळ बसावी म्हणून नायलॉनचं बूच करून घेतलं. टिप जरा तिरकी झाली तरी आकडा घसरतो.

९ जुलै

ताईच्या मैत्रिणीकडे ताईचंच मॉडेल आहे, नवं, यंदाच घेतलेलं. त्याचं वाचन १०० धरलं.

ताईचा दिवा आहे तसा: ७२. शिवणवाली स्लीव्ह चढवून: ६३. मग प्लास्टिकच्या पट्टीने सावकाश पापुद्रा काढला: ८८. नवी स्लीव्ह ताणून, शिवण बाजूला: ८४. उरलेले बारा कुठे गेले? काही ओरखड्यांत, काही एलईडीच्या वयात असणार.

तिसरा दिवा जास्त बोलका निघाला. वाचन एकदाच न घेता वीस सेकंद सलग घेतलं आणि आलेख काढला. ताईच्या दिव्याची रेघ सुरुवातीला किंचित उतरते (चिप तापते) आणि मग सपाट. बॅटरी शेवटाला आली तरी तीच उंची, मग दिवा सरळ बंद. आत करंट सांभाळणारं सर्किट आहे. स्वस्त दिव्याची रेघ उतरतच जाते, आणि बॅटरी संपत आली की पहिल्या वाचनाच्या निम्म्यावर. सकाळी दहाचा पेशंट आणि संध्याकाळी साताचा पेशंट यांना एकाच पैशात दोन वेगळे दिवे मिळतात.

ताईला आलेख दाखवला. तिने तो दिवा उचलून कपाटात ठेवला, काही बोलली नाही.

१६ जुलै

प्रकाश मोजला, आता मसाला मोजायचा. आयएसओ ४०४९ या आंतरराष्ट्रीय मानकातली खरवडण्याची पद्धत कुणालाही जमेल अशी आहे. सातपूर एमआयडीसीतल्या लेथवाल्याने स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यात ४ मिमीचं आरपार भोक पाडून दिलं. “एवढ्याशा भोकाला पॉलिश कशाला पाहिजे?” म्हणाला, पण दिलं करून. खाली पारदर्शक पट्टी, भोकात कंपोझिट दाबून भरायचं, वर पुन्हा पट्टी, वरून दिवा. मग कांडी ढकलून बाहेर काढायची, खालचा मऊ भाग प्लास्टिकच्या स्पॅच्युलाने खरवडायचा. उरेल ती लांबी भागिले दोन. नुसतं टणक लागणं आणि खरंच पुरेसं जुळणं यांत फरक असतो, म्हणून ते अर्धं करणं. साध्या शेडला निदान १.५ मिमी आलं पाहिजे.

मुदत संपलेली ए-टू शेडची नळी वापरली. ताईचा दिवा, साफ केलेला, २० सेकंद: ५.४ उरले, म्हणजे २.७. हॅलोजन ४० सेकंद देऊन २.१. स्वस्त दिवा भरल्या बॅटरीवर २० सेकंद २.३, उतरल्या बॅटरीवर १.९. आणि खोक्यावर लिहिल्याप्रमाणे एक सेकंद: १.३.

ती शेवटची कांडी हातात घेण्यासारखी होती. वरचं टोक काचेसारखं, नखाने ओरखडा उठत नाही. बोटांत फिरवत खाली आलो की मध्येच केव्हातरी चिकट लागायला लागतं, आणि खालचं टोक स्पॅच्युलाला लोण्यासारखं येतं. ताईने मावशींना बोलावून ती दाखवली. मावशींनी हुंगून पाहिली, नाक मुरडलं. उरलेल्या मोनोमरचाच (रेझिनचे न गुंफलेले सुटे रेणू) वास तो.

२३ जुलै

ताईच्या ओळखीच्या दोघा डॉक्टरांना यंत्र हवंय. दोघांचाही पहिला प्रश्न एकच: मिलिवॅट किती दाखवतं?

दाखवणार नाही. विचार करून ठरवलंय. खरा आकडा द्यायचा तर प्रयोगशाळेत तपासलेला थर्मोपाइल (प्रकाशाची उष्णता मोजणारा सेन्सर) हवा, टिपेच्या व्यासाचा हिशेब हवा, प्रत्येक दिव्याच्या रंगाप्रमाणे दुरुस्ती हवी. बाजारातले खिशातले मीटर हे काही करत नाहीत, म्हणून एकाच दिव्याला दोन मीटर दोन आकडे देतात, आणि मग डॉक्टर त्यातला मोठा धरून चालतात. माझं यंत्र फक्त टक्के दाखवेल: हा दिवा पहिल्या दिवशी जेवढा होता त्याच्या किती. गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतात. मारुती जागचा हलत नाही, म्हणून ते माप चालतं. इथे न हलणारी गोष्ट म्हणजे तो टेफ्लॉन आणि ते बूच.

एक डॉक्टर तयार झाले. दुसऱ्यांना मिलिवॅटच हवेत. हरकत नाही.

२ ऑगस्ट

मूळ तक्रारीकडे. दिवा ८८ वर आला, मग दाढा सुटणं थांबेल का? एकट्या त्याने नाही.

नायलॉनचे ठोकळे करून टिप सेन्सरपासून २, ४, ६, ८ मिमी उचलून पाहिली. ताईच्या दिव्याचं वाचन ८ ला निम्म्याखाली गेलं. आणि मागच्या दाढेच्या शेजारच्या फटीतली कीड काढल्यावर तिथला तळ टिपेपासून सहा-आठ मिलिमीटर खोल असतोच. त्यात पेशंटचं तोंड पूर्ण उघडत नाही, टिप तिरकी पडते, मॅट्रिक्स बँडची (दाढ भरताना तिच्याभोवती लावायची पट्टी) सावली. म्हणजे जिथे दिव्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो सगळ्यात कमी पोहोचतो. पुढच्या दातांची फिलिंग का टिकली आणि खालच्या दाढाच का सुटल्या, याचं उत्तर मला तरी यात दिसतं.

ताईशी बोलून ठरलेलं: अशा खोल जागी पहिला थर एक मिलिमीटरचा, त्याला दोनदा वीस सेकंद, मध्ये हवेचा फवारा. बँड काढल्यावर गालाकडून आणि जिभेकडून पुन्हा एकेकदा. फवारा यासाठी की जोरदार दिवा दाताला तापवतो. १९६५ मध्ये झाक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात पल्पचं (दाताच्या आतला जिवंत गाभा) तापमान ५.५ अंशांनी वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांचा पल्प सावरला नाही. तेव्हा वेळ वाढवायचा, पण सलग नाही.

आणि नारिंगी चष्मा. ताई दिवा धरताना नजर बाजूला वळवते, डोळ्यांना त्रास नको म्हणून. नजर वळली की हात सरकतो. मी बुचातली टिप सोडून तिला हाताने धरायला लावली, एकदा बाजूला बघत, एकदा चष्म्यातून टिपेकडे बघत. दोन्ही आलेख शेजारी ठेवले. चष्म्याशिवायची रेघ वीस सेकंदांत डोंगरदऱ्या करत गेली. दोन चष्मे मागवलेत, एक मावशींसाठी.

९ ऑगस्ट

यंत्र दवाखान्यात बसवलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मावशी वाचन घेणार, तारीख आणि टक्के भिंतीवरच्या कार्डावर. ७५ च्या खाली गेलं तर आधी टिप बघायची, मग मला फोन. ही ७५ ची रेघ माझी नि ताईची, कुठल्या मानकातली नाही. तिच्या थराच्या वेळा त्यात बसतात म्हणून.

बाकी: ओएलईडीवरची अक्षरं मावशींना चष्म्याशिवाय दिसत नाहीत, मोठी करायची. दुसऱ्या यंत्रासाठी टेफ्लॉनची पट्टी त्याच रिळातली घ्यायची. चार्जरच्या बुडातला हिरवा दिवा काळ्या टेपने झाकलाय.